दोन रिळांचा तमाशा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात १९३०च्या आसपासच्या अमेरिकी संगीत-विनोदी लघुपटांवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांची रीघच लागली. दहा-वीस मिनिटांचा मामला, त्यात एक बँड, थोडा नाच आणि तोंडी लावायला विनोदी गोष्ट. हे पट आता मोबाइलवर फुकट सापडतात, त्यामुळे विचारणारेही वाढलेत. मी नाशिकच्या थेटरांत ऑपरेटरच्या केबिनमध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस, समीक्षक नव्हे. जे ठाऊक आहे ते सांगतो.

प्रश्न : तुमच्या शिफारशीवरून जाझ बँडवाल्या ड्यूक एलिंग्टनचा ‘ब्लॅक अँड टॅन’ पाहिला. आधी हसवाहसवी, मग एकदम नाच, आणि शेवटी ती नाचणारी मुलगी मरूनच जाते. शेंडा ना बुडखा. हा एखाद्या मोठ्या सिनेमातून कापलेला तुकडा आहे का?
— एक वाचक, सिडको

नाही हो, तो अख्खा पट आहे. १९२९ सालचा, दोन रिळांचा, वीसेक मिनिटांचा. त्या काळी रीळ हजार फुटांचं असे. बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे एका रिळाला अकरा मिनिटं. त्यामुळे लघुपट एक तर दहा-अकरा मिनिटांचे, नाही तर वीस-बावीस. मुख्य सिनेमाच्या आधी वार्तापट, कार्टून आणि असा एखादा गाण्याबजावण्याचा पट, असा तिकडचा रिवाज होता.

आता शेंडा-बुडख्याचं. तमाशात गण होतो, गवळण होते, मग बतावणी, आणि नंतर वग. बतावणीत सोंगाड्या काय गोष्ट सांगतो, हे घरी जाताना कोणाला आठवतं का? पण त्याच्या टोमण्यांनी फड तापतो आणि ढोलकीला वाट मिळते. हे लघुपट म्हणजे ती बतावणी. त्यांना वगाची मापं लावली की तुमच्यासारखी निराशा पदरी पडते.

तरी ‘ब्लॅक अँड टॅन’ची गोष्ट तितकी टाकाऊ नाही, पुन्हा बघा. एलिंग्टन खोलीत ट्रंपेटवाल्याला नवी चाल समजावतोय. पियानोचे हप्ते थकलेत, म्हणून दोन हमाल तो उचलून न्यायला येतात. त्यांना धड वाचता येत नाही, त्यावर थोडी गंमत होते. फ्रेडी वॉशिंग्टन ही नर्तकी त्यांच्यापुढे जिनची बाटली धरते. घरात कोणी भेटलं नाही असं मालकाला सांगायचं ठरतं आणि पियानो वाचतो. इथवर बतावणी. मग क्लब. फरशी आरशासारखी चकचकीत, आणि तिच्यावर पाच पुरुष एकामागे एक इतके खेटून नाचतात की लांबून एकच माणूस दहा पायांनी नाचतोय असं वाटावं. खाली फरशीत त्यांची उलटी प्रतिबिंबं. ही जागा मी थांबवून थांबवून पाहिली आहे.

फ्रेडीचं काळीज कमजोर, नाचू नको असं तिला बजावलेलं. ती नाचते आणि कोसळते. क्लबचा मालक पुढच्या पोरींना नाचायला लावतो, तेव्हा एलिंग्टन बँड थांबवून निघून जातो. शेवटी तिच्या उशाशी सगळे तीच चाल वाजवतात आणि तिची नजर विझत जाते तसा एलिंग्टनचा चेहरा पडद्यावर धूसर होत जातो. आमच्याकडे हा पट लागला असता तर पब्लिकने ‘ए फोकस!’ म्हणून शिट्ट्या मारल्या असत्या आणि मालक केबिनमध्ये धावत आला असता, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न : जुन्या बँडच्या पटांत पुष्कळदा आवाज पुढे आणि चित्र मागे असतं. ड्रमवाल्याची काठी वर असतानाच ठोका ऐकू येतो. मुलगा म्हणतो मोबाइल बदला. खरंच मोबाइलचा दोष आहे का?
— प्रेसमधून निवृत्त झालेले एक वाचक, नाशिकरोड

मोबाइल बदलू नका. कधी कधी पट चढवणाऱ्याने घाण करून ठेवलेली असते, पण सुरुवातीच्या पटांत दुखणं मुळातलंच असतं.

वॉर्नर ब्रदर्स या सिनेमा कंपनीने ६ ऑगस्ट १९२६ला ‘व्हायटाफोन’ या आवाजाच्या यंत्रणेचा पहिला जाहीर कार्यक्रम केला. त्यात आवाज फिल्मवर नव्हताच, तो तबकडीवर होता. सोळा इंची तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे. आपल्या घरच्या रेकॉर्डवर सुई बाहेरून आत जाते, इथे आतून बाहेर. एक तबकडी बरोबर एका रिळाला पुरायची. प्रोजेक्टर आणि तबकडीचं चाक एकाच मोटरला जोडलेलं. ऑपरेटरने रिळावरची खुणेची फ्रेम प्रोजेक्टरच्या खिडकीत बसवायची, तबकडीवरच्या बाणाच्या टोकाला सुई टेकवायची, मग मोटर सुरू. सुई दर खेपेला नवी, आणि तबकडीसुद्धा वीसेक खेळांनंतर बाद. किती वेळा वाजली ते लेबलवरच्या चौकटींत खुणा करून ठेवायचे.

आता गंमत बघा. फिल्म तुटली की आम्ही काय करायचो? दोन खराब फ्रेम कापायच्या, सिमेंटने, म्हणजे फिल्मच्या खास गोंदाने, जोडायचं आणि पुढे चालू. पब्लिकला पत्ताही लागत नसे. व्हायटाफोनमध्ये हे केलंत तर मेलात. दोन फ्रेम गेल्या की तिथून पुढचं सगळं रीळ आवाजाच्या पुढे. म्हणून जितक्या फ्रेम कापाल तितक्याच काळ्या फ्रेम मोजून घालायच्या. आणि सुई एका खोबणीतून दुसरीत उडाली तर देवाचं नाव घ्यायचं. हे ऑपरेटर लोक रोजचे खेळ कसे काढत असतील, याचं मला कायम कौतुक वाटतं.

तबकडीचा खटाटोप फार वर्षं चालला नाही. १९३०नंतर लवकरच वॉर्नरच्या पटांतही आवाज फिल्मच्या कडेलाच छापून येऊ लागला. त्यातही एक मेख आहेच. चित्र दिसतं एका जागी आणि आवाज वाचला जातो वीसेक फ्रेम पुढे, खालच्या साउंड हेडवर. मधे फिल्मचा लूप, म्हणजे ढिला वळसा, ठेवायचा असतो. लूप दोन बोटं मोठा पडला की नायिकेचे ओठ मिटल्यावर गाणं सुरू. नव्या पोराला शिकवताना आम्ही आधी लूप शिकवायचो, दिवे नंतर.

पुढे झालं असं की अनेक पटांची रिळं एकीकडे आणि तबकड्या भलत्याच कोणाच्या तरी तळघरात. १९९१पासून ‘व्हायटाफोन प्रोजेक्ट’ नावाखाली अमेरिकेतल्या संग्राहकांनी या ताटातूट झालेल्या जोड्या जुळवायला घेतल्या. त्यांच्यामुळे कित्येक मुके पट पुन्हा बोलू लागले. शक्यतो अशी नीट जुळवलेली प्रत शोधा, ड्रमवाल्याची काठी वेळेवर पडेल.

प्रश्न : काका, मी आठ वर्षं कथक शिकते आहे. टॅप डान्सच्या व्हिडिओत पायांचा आवाज इतका स्वच्छ येतो की शंका येते. तो खरा असतो का? आणि कुठून बघायला सुरुवात करू?
— एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

शंका रास्त आहे गं. अगदी सुरुवातीच्या तबकडीवरच्या पटांत पायांचा आवाज खराच, कारण तबकडी कापता-जोडता येत नव्हती. बँड, गाणं, पाय, सगळं एका दमात आणि एकाच वेळी. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनला ऐकू जाऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही बंद पेटीत कोंडायचे. पेटी काही नाचणाऱ्यामागे धावू शकत नाही. म्हणून कॅमेरा एका जागी खिळलेला आणि नाचणारा डोक्यापासून टाचेपर्यंत पुरा दिसतो. लोक याला जुनाट म्हणतात. मला विचारशील तर नाच बघायची हीच रीत. पायांचा तत्कार चालू असताना कोणी फक्त तुझ्या भुवया दाखवल्या तर चालेल का तुझ्या गुरूंना?

पुढे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या संगीतावर नाच चित्रित करू लागले आणि पायांचे आवाज नंतर स्टुडिओत पुन्हा नाचून भरू लागले. फ्रेड अ‍ॅस्टेअरसारखा नर्तकही स्वतःचे टॅप नंतर भरायचा. म्हणजे आवाज नाचणाऱ्याचाच, पण त्या क्षणाचा नाही. तुझ्या कानाला जो फार स्वच्छ वाटला, तो बहुतेक असा.

सुरुवात कर १९३२च्या ‘पाय, पाय ब्लॅकबर्ड’पासून. एक रीळ. नटी नीना मे मकिनी स्वयंपाकघरात ‘पाय’ नावाचा सारण भरलेला पदार्थ भाजते आहे, आणि त्या अवाढव्य पदार्थाच्या आत यूबी ब्लेकचा अख्खा बँड बसलाय! मग दोन पोरं येतात, निकोलस बंधू. फेयार्ड सतरा-अठरा वर्षांचा, हॅरॉल्ड अकरा. हॅरॉल्डकडे नीट बघ. थोरला हातांनी नाचतो, बोटांच्या टोकापर्यंत हालचाल पोचवतो. धाकटा मान ताठ ठेवून पायांनीच बोलतो. सवाल-जवाब तुला सांगायला नको. शेवटी बँड इतका तापतो की वाजवणारे आणि नाचणारे सगळे जळून सांगाडे होतात आणि सांगाडेच वाजवत राहतात. असला बिनडोक आणि झकास शेवट आजकाल कोणी करायला धजणार नाही.

त्यानंतर याच दोघांचा ‘स्टॉर्मी वेदर’मधला जिन्यावरचा नाच बघ, १९४३चा. तो लघुपट नाही, पण कॅब कॅलोवेचा बँड सोबत आहे. पायऱ्यांवरून एकमेकांच्या डोक्यावरून उडी आणि खाली येताना दोन्ही पाय दोन दिशांना फाकवून थेट जमिनीवर. घरी करून बघू नकोस.

प्रश्न : तुम्ही कौतुक करता त्या पटांत काळ्या माणसांची टिंगल आहे. गोरे नट तोंडाला काळं फासून नाचतात. नातवंडांसोबत बघताना मान खाली गेली. हे तुम्हाला खटकत नाही?
— निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड

बाई, खटकतं, आणि खटकायलाच हवं. ‘रूफस जोन्स फॉर प्रेसिडेंट’ हा १९३३चा पट घ्या. आई मांडीवरच्या पोराला सांगते, तूही राष्ट्राध्यक्ष होशील, आणि मग स्वप्नात तो होतोही. आई आहे गायिका इथेल वॉटर्स, पोरगा सात वर्षांचा सॅमी डेव्हिस ज्युनिअर. पुढे तो गायक-नर्तक म्हणून किती मोठा झाला ते तुम्हाला माहीत आहे. पण त्या स्वप्नातल्या संसदेत जे विनोद आहेत, फासे काय, पोर्क चॉप काय, ते काळ्या माणसाला अडाणी आणि खादाड ठरवणारे आहेत. लिहिणारे गोरे, पैसा गोऱ्यांचा. तोंडाला काळं फासण्याचा प्रकार तर अधिकच ओंगळ, ‘द जाझ सिंगर’ या सुरुवातीच्या बोलपटाचा नायकसुद्धा त्यातून सुटला नाही.

दुसरी बाजूही ठेवतो, सबब म्हणून नव्हे. मोठ्या सिनेमांत या कलावंतांना जागा नसे. मिळालीच तर अशी गाणी असत की अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, वर्णभेद कडक असलेल्या राज्यांत पाठवताना कापून टाकता यावीत. लीना हॉर्न या गायिकेची कित्येक गाणी याच हिशोबाने चित्रित झाली. कथेला तिचा स्पर्शच होऊ द्यायचा नाही. लघुपटात मात्र दहा मिनिटं पडदा त्यांचा. बेसी स्मिथसारखी गायिका पडद्यावर दिसते ती फक्त एकाच पटात, १९२९च्या ‘सेंट लुइस ब्लूज’मध्ये. तो दोन रिळांचा पट नसता तर आपल्याला तिचा केवळ आवाज ऐकता आला असता.

आणि कंपन्या किती भित्र्या होत्या ते १९४४च्या ‘जॅमिन द ब्लूज’मध्ये दिसतं. लेस्टर यंगची सॅक्सोफोन, धुराची वेटोळी, प्रकाश आणि सावली, विनोद-बिनोद काही नाही. बाकी वादक काळे आणि गिटारवाला बार्नी केसल गोरा. दोघं एका चौकटीत उघड दिसू नयेत म्हणून त्याला सावलीत बसवलंय. वाजवतोय तो मनापासून, पण चेहरा शोधावा लागतो.

नातवंडांना दाखवू नका असं मी म्हणणार नाही. जिथे मान खाली गेली तिथेच थांबवून का गेली ते सांगा. ‘रूफस जोन्स’ मात्र धाकट्यांना नको, ती टिंगल त्यांना टिंगल म्हणून कळणार नाही.

प्रश्न : एक तीन मिनिटांची बँडची फिल्म पाहिली. त्यात मागच्या पाटीवरची अक्षरं उलटी, आणि सगळे वादक डावखुरे! अशी टोळी कुठे मिळाली त्यांना?
— एक वाचक, सातपूर

टोळी उजवीच आहे, फिल्म उलटी आहे. १९४०पासून अमेरिकेत पॅनोराम नावाचं लाकडी कपाट निघालं. शिकागोच्या मिल्स कंपनीचं. हॉटेलात, बारमध्ये ठेवायचं, दहा सेंटचं नाणं टाकलं की एक गाणं दिसायचं. आत १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर, एका गोल फिरत्या रिळावर आठ गाणी. पसंती तुमची नाही, रांगेत जे येईल ते बघायचं. जागा वाचावी म्हणून चित्र आरशांवरून वळवून मागून पडद्यावर फेकलं जाई, त्यासाठी फिल्मच उलटी छापलेली असे. या गाण्यांना साउंडी म्हणत, अठराशेच्या वर निघाल्या. सरळ करायचं विसरून कोणी चढवली की तुम्हाला डावखुरे वादक दिसतात. पुढच्या वेळी कोटाची बटणं बघा, कळेल.

प्रश्न : आपल्याकडे असे पट का निघाले नाहीत? नाशिकला सिनेमाची पंढरी म्हणतात, मग इथे काहीच नाही?
— एक वाचक, पंचवटी

काहीच नाही कसं? त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’नंतर १९१३मध्येच बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. इथे त्यांनी दुसरा पट केला, ‘मोहिनी भस्मासुर’. आणि त्याच्या जोडीला दाखवायला एक छोटा विनोदी पट, ‘पिठाचे पंजे’. मुका, अर्थात. पण बघा, मोठ्या पटाला जोडून दाखवायची छोटी गंमत व्हायटाफोनच्या एक तपाआधी आपल्या गावात तयार झाली होती. आणि ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये नाचली कोण? कमलाबाई गोखले, त्यांची आई दुर्गाबाई कामत पार्वतीच्या भूमिकेत. पडद्यावर बाया मिळत नव्हत्या त्या काळात ही मायलेकींची जोडी. आपल्या पडद्यावरचा नाच म्हणायचा तर तो मोहिनीपासून सुरू होतो.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात येणारी मंडळी ‘राजा हरिश्चंद्र’चं नाव घेतात आणि कारंज्यापाशी फोटो काढतात. ‘पिठाचे पंजे’ हे नाव त्यांच्यातल्या दहांना विचारा.

मग पुढे असे पट का थांबले? माझं मत सांगतो. बोलपट आला आणि आपण गाणी-नाच मुख्य सिनेमातच ओतले. १९३१च्या ‘आलम आरा’त सात गाणी होती. पुढच्याच वर्षी ‘इंद्रसभा’त सत्तरच्या घरात! पोटातच एवढं जेवण असताना आधी वेगळी ताटली कोण मांडणार? पडद्यावर सिनेमाआधीची जागाही पुढे सरकारी वार्तापटांनी घेतली. ते आम्ही लावायचो तेव्हा पब्लिक शेंगदाणे आणायला जायचं.

आणखी एक फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिकडे बँड कॅमेऱ्यासमोर होता. आपल्याकडे ‘आलम आरा’च्या वेळी वादकांना झाडाआड, कोपऱ्यात लपवून वाजवायला लावलं, चौकटीत दिसू नयेत म्हणून. वादक लपवायचा ही सवय मग जी लागली ती लागलीच. गाणारी बागेत आणि व्हायोलिन कुठून येतंय ते देवाला ठाऊक. गोव्याकडच्या ट्रंपेट-सॅक्सोफोनवाल्यांनी हिंदी सिनेमाचा नादच बदलला, पण तोंड दाखवायची संधी मिळाली ती क्लबच्या गाण्यांत. १९५१चा ‘अलबेला’ त्यासाठी पुन्हा बघा. संगीत आपल्या पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांचं, नाचणारे भगवानदादा, आणि चिक चॉकलेट हा ट्रंपेटवाला आपल्या बँडसकट पडद्यावर. तेवढी गाणी सोडवून बाजूला ठेवली तर दोन रिळांचा फक्कड लघुपट होईल.

प्रश्न : आजोबा देवळाली कॅम्पात नोकरीला होते. माळ्यावर त्यांच्या पेटीत पत्र्याचा गोल डबा सापडला, आत फिल्म आहे. उघडल्यावर आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला. डब्यावर इंग्रजीत ‘बँड’ एवढंच वाचता येतं. प्रोजेक्टर मिळाला तर लावून बघू का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

अजिबात लावू नका. हा वास म्हणजे फिल्मचा अ‍ॅसिटेट, म्हणजे तिची मूळ प्लास्टिकची पट्टी, कुजायला लागलाय. अशी फिल्म आक्रसते, कडेची भोकं प्रोजेक्टरच्या दातांवर बसत नाहीत आणि पहिल्या शंभर फुटांतच चिंध्या होतात.

आधी रुंदी मोजा. १६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीपेक्षा थोडी रुंद असेल तर आगीची भीती नाही, ती जात कायम सुरक्षित फिल्मवरच निघाली. ३५ मिलिमीटर असेल आणि १९५०च्या आधीची असेल तर नायट्रेट असू शकते. ती पेटली की पाण्यानेही विझत नाही. डबा घरातून बाहेर, सावलीत ठेवा आणि जवळ उदबत्तीसुद्धा लावू नका.

१६ची निघाली तर उजेडाकडे धरून सुरुवातीचे दोन हात बघा, फक्त कडेला धरून, हातात सुती मोजे घालून. दोन्ही कडांना भोकं असतील तर ती मुकी. एका कडेला भोकं आणि दुसरीकडे नागमोडी किंवा बारीक आडव्या रेघांची पट्टी असेल तर आवाज आहे. अक्षरं उलटी दिसली तर फिल्म पालटून बघा. दोन्ही बाजूंनी घोळ वाटला तर सातपूरकरांना दिलेलं उत्तर वाचा, कोण जाणे.

डबा घट्ट बंद करू नका, वायू आत कोंडला की कुजणं वाढतं. १६ची असेल तर माळ्यावरून काढून घरातल्या सगळ्यांत थंड, कोरड्या खोलीत ठेवा, इतर फिल्म असतील तर त्यांच्यापासून लांब. मग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लिहा. ती संस्था १९६४पासून हेच काम करते आहे. पत्रात रुंदी, भोकांची बाजू, कडेला छापलेली अक्षरं आणि वासाबद्दल न विसरता लिहा. कडेच्या अक्षरांचा जवळून फोटो मलाही पाठवा. कारखान्याच्या खुणांवरून साल काढता येतं, तेवढं मी बघतो.